सवारांच्या सुपाऱ्या

मत्सरावर मी जितकी कीर्तनं ऐकली, तितकी आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकली नसतील. टाळकरी म्हणून बुवांच्या मागेच उभा असायचो, म्हणजे ऐकली तीही सगळ्यांत जवळून. बुवा सांगायचे, मत्सर म्हणजे ज्वारीच्या कणसावरची काणी. दाणा बाहेरून भरल्यासारखा दिसतो, फोडला की आत काळी भुकटी. मी मान डोलवायचो. डोळ्यांत पाणीसुद्धा यायचं. आणि ते पुसता पुसता मी समोर बसलेल्या राधाकिशन दफेदाराकडं बघून घ्यायचो, की याला माझ्याआधी तर रडू आलं नाही ना.

गोष्ट आहे फसली सन तेराशे तिसातली. जर्मनची लढाई संपली होती. निजामसरकारचा रिसाला मिसर देशातून परत आला, सवारांची कमी-जास्त झाली, आणि आमच्या गावचे सात सवार पटावरून नावं कटून पेन्शनीवर घरी आले. सातांत राधाकिशन मोठा. गेला तेव्हा साधा सवार होता, आला तो दफेदार होऊन. छातीवर बिल्ला, डोक्याला साफा, आणि बोलण्यात निम्मं हिंदुस्थानी.

आमचं गाव पाटोद्याच्या बाजारापासून तीन कोसांवर. इथून रिसाल्यात जायची रीत जुनी. माझा बाप आणि राधाकिशनचा बाप, दोघंही मोमिनाबादच्या छावणीत होते. म्हणून आम्हीही एकाच दिवशी, एकाच भाकरीचं गाठोडं घेऊन हैदराबादेला गेलतो. मला मिळाली ती चांदणी नावाची घोडी. कपाळावर पांढरा टिळा, कान असे हलके की नाव घेतलं तर ती वळायच्या आधी हलायचे. दोन वर्षं मी तिला शिकवली. मग एका सकाळी भाल्यानं मेख उपटायच्या सरावात तिचा पाय मुडपला आणि ती माझ्यावर आली. तिला खरचटलंसुद्धा नाही. माझा गुडघा गेला. तीन महिने दवाखान्यात, मग हातात एक कागद आणि गाव.

चांदणी राधाकिशनला दिली. तिच्यावर बसून तो मिसरला गेला.

परत आला त्या दिवशी सगळ्या गावादेखत त्यानं मला मिठी मारली. "आश्रुबा, बे, चांदणीनं तारलं मला! वाळूत दोन रोज पाण्यावाचून चालली. दुसऱ्याची घोडी असती तर मी तितंच राहिलो असतो."

लोकांचे डोळे भरले. माझ्या मनात एवढंच आलं, की घोडी माझी होती.

आता वीणेचं सांगतो, कारण सगळं घडलं ते तिच्यापायी. आमच्या गावी चैत्रात सप्ता बसतो. सात दिवस, सात रात्री हरिनाम. त्यात वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन-दोन तास उभं राहायचं, त्याला पहारा म्हणतात. पहाऱ्याची यादी लावतो तो वीणेकरी. कीर्तनात बुवांच्या उजव्या हाताला तो उभा असतो, आणि एकदा निवडला की मरेपर्यंत, नाहीतर थकेपर्यंत, तोच. तीस वर्षं हा मान सुंदरराव आबांकडं होता. मागली नऊ वर्षं आबांचा हात थरथरायचा, म्हणून यादी मी लावायचो, झोपलेल्या पहारेकऱ्याला घरी जाऊन मी उठवायचो, बुवांची उतरायची सोय मी बघायचो. नाव आबांचं, धावपळ माझी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आज ना उद्या वीणा माझ्या गळ्यात येणार, हे देवालाही माहीत आहे असं मी धरून चाललो होतो.

माघातल्या एकादशीला एका दिवसाचं भजन होतं. सवार नुकतेच आले होते. राधाकिशन म्हणाला, आजचा पहारा आमचा. सातही जण आळीपाळीनं उभे राहिले, आणि गाव बघतच राहिलं. दोन तास ताठ उभे. पाय हलला नाही, वीणा तसूभर झुकली नाही. बदली करणारा वेळेआधी येऊन समोर उभा. माझ्या नऊ वर्षांत एक पहारा वेळेवर बदलला असेल तर शपथ.

"बघा," कुणीतरी म्हणालं, "असा असावा पहारा. न्हाईतर आपला आश्रुबा, लंगडत घरोघर फिरतंय, उठा उठा करीत."

बोलणाऱ्याच्या मनात वाकडं नव्हतं, हे मला आज कळतं. घरी येऊन मी जेवलो नाही. आमची केशरबाई तव्यावरची भाकरी उलथत म्हणाली, "अवं, काय झालं?"

"कुटं काय."

"राधाकिशनभावजींचा पहारा चांगला झाला म्हणं."

"लई चांगला झाला."

"मग जेवा की. त्यांनी काय तुमची भाकरी खाल्ली?" आणि तव्याकडं बघतच पुढं बोलली, "कीर्तन ऐकून ऐकून कान झिजले तुमचे. मन तेवढं कावून झिजंना, कुणास ठाऊक."

फाल्गुनात आबांनी सांगून टाकलं, की यंदा वीणा उतरवणार. गावात दोन तट पहिल्यापासूनचे, वरली आळी आणि खालली आळी. विहिरीवरून, पोळ्याच्या बैलावरून, कशावरूनही ते समोरासमोर यायचे. वरल्या आळीनं माझं नाव घेतलं. खालल्या आळीनं लगेच राधाकिशनचं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "वाळूत बोललो होतो मी पांडुरंगाशी. जिता घरी ने, तुज्या दारात वीणा घिऊन उभा ऱ्हाईन." मग आढेवेढे घ्यायची जागाच उरली नाही.

असं झालं की गावाची रीत सुपारीची. सप्त्याच्या पहिल्या सकाळी देवळाच्या ओवरीत घोंगडीच्या आडोशाला दोन घागरी ठेवायच्या, तोंडाला फडकं बांधून, फडक्याला चीर पाडून. एकीला कुंकवाचं बोट, दुसरीला बुक्क्याचं. यंदा कुंकवाची माझी, बुक्क्याची राधाकिशनची. घर तिथं एक सुपारी. ज्याचा त्यानं आत जाऊन टाकायची. घागरी सांभाळायला आणि मोजायला मन्मथप्पा वाणी. ते लिंगायत, त्यांची भक्ती महादेवाच्या देवळात. सप्त्यात त्यांना ना मान ना मत. म्हणून दोन्ही तटांचा विश्वास. खरं तर कीर्तनाला ते कधी चुकायचे नाहीत, पण बसायचे खांबाच्या मागं. म्हणायचे, "आमी आपलं ऐकून जातो. देव एकमेकांत काय ते मिटवतील."

गावात सुपारीचे साठ उंबरे. सवारांची सात घरं सोडली तर वरल्या आळीत सत्तावीस, खालल्या आळीत सव्वीस. सातांतले चार सवार आमच्या वरल्या आळीचे, तिघं खालच्या, राधाकिशन धरून. जो तो आपल्या आळीला धरून राहिला तर वीणा माझीच होती, दोन सुपाऱ्यांनी. मला हे पाठ झालं होतं. पण पाराकडं बघितलं की माझा जीव जळायचा. आमच्या आळीचे चारही सवार दिवसभर राधाकिशनजवळ. तो उठला की ते उठायचे. तो पाणी प्याला की मग ते प्यायचे. आई-बापाचं न ऐकणारी पोरं त्याच्या नुसत्या भुवईवर हलायची. माझ्यासाठी असं कुणी उठलं नव्हतं. सवार असतो, घोडी पडली नसती, तर कदाचित माझ्यासाठीही उठली असती.

त्यातला रामकिसन तर आमच्या भिंतीला भिंत. बायनाबाईचा एकुलता एक. तो लढाईवर होता तेव्हा त्याची चार पत्रं आली, ती तिला मीच वाचून दाखवली होती, तिनं सांगितलेली उत्तरं मीच लिहिली होती. एक दिवस आडावर भेटला, तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रामकिसन, सुपारी कोणच्या घागरीत?"

त्यानं पोहरा आडात सोडला, टाचा जुळवल्या, आणि तोंड गंभीर करून म्हणाला, "हुकूम आला न्हाई अजून, काका!"

मग हसला. मीही हसलो. आणि घरी येईपर्यंत तोच एक शब्द घोळवत आलो. हुकूम. म्हणजे हुकूम येणार. देणार कोण, ते सांगायलाच नको. चार सुपाऱ्या गेल्या. सत्तावीसला तेहेतीस. तीस वर्षांची वीणा पारावरच्या एका भुवईवर जाणार.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी टाळ घासले, मंडपाच्या बल्ल्या पुरल्या, दिंद्रुडच्या बुवांना सांगावा धाडला, आणि मनात दुसरंच काही रचत राहिलो. जे रचलं ते मला खरंच न्यायाचं वाटत होतं. मत्सराचं हेच आहे. तो आपल्या नावानं कधी येत नाही.

सप्त्याची सकाळ उजाडली. सगळं गाव देवळापुढं. सुंदरराव आबा स्नान करून, वीणा गळ्यात घालून मंडपाच्या मधोमध उभे राहिले. रीत अशी, की नवा वीणेकरी ठरेपर्यंत जुन्यानं तसंच उभं राहायचं. बुवा पाटावर बसून होते. मन्मथप्पांनी घागरी उलट्या करून रिकाम्या दाखवल्या, फडकी बांधली.

मी पुढं झालो. "आबा, एक बोलू का?"

"बोल की."

"सुपारी उंबऱ्याची असती. उंबरा म्हंजे गावात ऱ्हाणाऱ्याचा. ज्यानं सप्त्याला लाकडं तोडली, पाणी भरलं, त्याचा. आपले सवार मोठे, लढाई मारून आले, त्यांची इज्जत मलाबी हाय." इथं माझा आवाज फार गोड झाला, तो मला आजही ऐकू येतो. "पर त्यांचं नाव हुजुरांच्या पटावर चढलं. तितलं मीठ खाल्लं, तितली आण घेतली. एका माणसाचं नाव दोन पटांवर नसावं. ते दफेदाराच्या हुकमावर चालणार. मग सात सुपाऱ्या म्हंजे एकाच माणसाची सुपारी सात बारी. ह्येला न्याय म्हणायचा का?"

वरल्या आळीनं गलका केला, बरोबर हाय, बरोबर हाय. खालल्या आळीची माणसं उठली. "कावून बे? त्यांची घरं काय मिसरात हायेत?" हातघाईवर यायची वेळ. मी राधाकिशनकडं बघितलं. मला वाटत होतं तो चिडेल, बिल्ल्यावर हात मारेल. त्यानं हात वर करून आपल्या माणसांना बसवलं.

"आश्रुबाला असं वाटतंय?"

"न्यायाचं बोललो."

"मग कबूल. पाची परमेश्वरांपुढं बोललाय, आमी हुज्जत घालनार न्हाई. चला रे, सवार बाजूला."

सातही जण उठले आणि कडुनिंबाखाली जाऊन रांगेत उभे राहिले. बसले नाहीत. रामकिसननं जाताना माझ्याकडं बघितलं, ते मला त्या वेळी नीट वाचता आलं नाही. मी मनात हिशेब करत होतो. सत्तावीसला सव्वीस. एका सुपारीनं का होईना, वीणा माझी.

सुपाऱ्या सुरू झाल्या. एकेक घर आडोशात जायचं, टक्कन आवाज यायचा, बाहेर यायचं. शेवटी माझी पाळी. मी कमरेची सुपारी काढली, घोंगडीला हात घातला, आणि मन्मथप्पा त्यांच्या रीतीचा नमस्कार घालून म्हणाले, "शरणार्थ, आश्रुबा. जरा थांबा."

"का वो, अप्पा?"

"मला तुमच्या देवाचं काय कळत न्हाई. नेम तेवढा कळतो. ज्याचं नाव रिसाल्याच्या पटावर चढलं त्याची सुपारी न्हाई, असं ठरलं न्हवं आत्ता?"

"व्हय."

"तुमचं चढलं होतं की."

हसायला सुरुवात कुठून झाली ते कळलं नाही, पण ती मंडपभर गेली. मी म्हणालो, "माझं कटलं! नऊ वर्सं झाली."

"त्यांचीबी कटली. पेन्शनीवर आल्यात ते."

"मी दोनच वर्सं होतो, अप्पा. मी लढाईला..."

बायकांच्या बाजूनं बायनाबाई उठली. पदर कमरेला खोचलेला. "त्यात काय एवढं? सांग ना बाबा, मी काय सवार न्हवतो म्हून. दोन वर्सं काय अन् कुटं काय. सांग अन् टाक सुपारी, आबांचे पाय दुखायलेत."

सोपं होतं. एवढंच बोलायचं होतं, की मी सवार नव्हतो. सत्तावीसला सव्वीस.

मी निंबाकडं बघितलं. सात जण रांगेत. आठव्याची जागा असावी तशी राधाकिशनच्या डाव्या हाताला थोडी मोकळी जागा होती. तिथं नुसतं ऊन पडलं होतं. माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत, केशरबाईच्या लग्नाच्या शालूखाली, तो कागद आहे. वरून मोहर, खाली माझं नाव, नावाआधी 'सवार'. वर्षातून एकदा काढून मी त्याला ऊन दाखवतो. पाटोद्याच्या बाजारात कुणी लंगड्या म्हणालं तर मी सांगतो, घोडी अंगावर आलती, रिसाल्यात होतो. नऊ वर्षं या एका गोष्टीवर मी ताठ चालत आलो होतो, जेवढं चालता येईल तेवढं. आणि आता त्याच माणसादेखत, जो माझ्या घोडीवर बसून गेला, मी म्हणायचं की मी सवार नव्हतो?

मी सुपारी परत कमरेला लावली.

"नियम म्हंजे नियम," मी म्हणालो. "मी सवार होतो."

मन्मथप्पांनी घागरी उघडल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या. कुंकवाच्या घागरीत सव्वीस. बुक्क्याच्या घागरीत सव्वीस.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. वरली आळी म्हणाली, चिठ्ठ्या टाका. खालली म्हणाली, सवारांना बोलवा. बुवा डोळे मिटून नामस्मरण करत होते, पण पायाचा अंगठा हलत होता त्यांचा. कुणी म्हणालं पुढल्या वर्षी बघू, तर वीणा तोवर कुणाच्या गळ्यात? आणि या सगळ्यात आबांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सूर्य वर आला होता. म्हातारा उजाडल्यापासून उभा. वीणा आधी हलायला लागली, मग आबा हलायला लागले, आणि गुडघ्यात मोडून खाली यायला लागले.

पहिलं मीच बघितलं. शपथेवर सांगतो, पहिलं मी बघितलं. धावलोही. पण माझं धावणं म्हणजे काय, ते गावाला ठाऊक आहे. मी दोन पावलं टाकली तोवर निंबाखालून राधाकिशन आला, एका हातानं आबांना धरलं, दुसऱ्या हातानं वीणा. भोपळा जमिनीपासून वीतभर वर होता.

कुणीतरी "पुंडलिक वरदा" म्हणालं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. आबांना दोघांनी धरून बसवलं, वारा घातला. वीणा राधाकिशनच्या हातात. त्यानं वादी गळ्यात घालावी, एवढंच बाकी होतं. घातली असती तर गाव त्या क्षणी त्याचं होतं, वरली आळीसुद्धा.

त्यानं गळ्यात घातली नाही. दोन्ही हात पुढं करून तशीच धरून उभा राहिला, दुसऱ्याची बंदूक धरावी तशी.

"घाल की बे!" त्याच्या आळीतलं कुणी ओरडलं.

"बदली ठरल्याबिगर कशी घालू? मी नुसती धरलीया. ठरवा तुमी. हात भरून येईस्तोवर धरतो." आणि माझ्याकडं बघून, "लवकर ठरवा म्हंजे झालं. चांदणीपेक्षा जड हाय."

लोक हसले. मला हसू आलं नाही. हे सुचतं कुठून याला? हे माझ्या हातून का घडत नाही? नऊ वर्षं मी या वीणेसाठी पाय ओढले, आणि ही दोन घटका धरून माझ्यापेक्षा जास्त वीणेकरी दिसतो!

चिठ्ठ्या टाकल्या तर निम्मी आशा होती. मला ती सोडवत नव्हती. पण त्याचे पुढं केलेले हात दिसत होते. मनगटाची शीर ताणली होती. चिठ्ठीनं वीणा मिळाली तर जन्मभर गळ्यात घालताना मला ते हात दिसणार, हे मला त्या उन्हात स्पष्ट कळलं. आणि मी ती जिंकली असंही नसतं. त्यानं दिली असं झालं असतं.

"सवारांना टाकू द्या," मी म्हणालो.

वरल्या आळीनं कपाळाला हात लावला. आबांनी बसल्या जागेवरून मान हलवली. सवार एकेक करून आले. मन्मथप्पांनी त्यांच्यासाठी दुकानातून सुपाऱ्या मागवल्या, कारण सकाळी बाजूला झाल्यावर त्यांनी आपापल्या सुपाऱ्या देवापुढं ठेवून दिल्या होत्या. टक्, टक्, सहा आवाज. सातवी राधाकिशनची, त्याचे हात अडकलेले, म्हणून त्याच्या वतीनं त्याच्या आईनं टाकली. माझी सुपारी मी मागितली नाही. कुणी दिलीही नाही.

कुंकवाच्या घागरीत एकही वाढली नव्हती. सातच्या सात बुक्क्याच्या.

"बघा," आमच्या आळीतला एक जण दात चावून म्हणाला, "आश्रुबा म्हणत होता तेच खरं. हुकूम!"

मलाही तेच वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, पण हरूनही मला एक थंडावा वाटला. मी खरा ठरलो होतो. तेवढ्यात रामकिसन समोर आला. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, हुकूम कुनाचाच न्हवता."

"मग त्या दिवशी आडावर..."

"मसकरी केली मी! तुमच्याशी न्हाई करायची तर कुनाशी?" त्याचा आवाज चढला. "दफेदारांनी छावणीतून निघतानाच सांगितलंतं, परेडवर हुकूम माझा, गावात ज्याचा त्यो. आमी चौघं सकाळी घरून तुमच्या नावाची सुपारी घिऊन निघालो होतो. माझ्या आईची चार पत्रं तुमी लिवली. त्या चारांत तुमचीबी एकेक ओळ असायची खाली, की सप्त्यात तुझ्या नावाचा पहारा मी दिला. वाळूत आमी ती ओळ सगळ्यांना वाचून दावायचो. अन् आज तुमीच म्हणलात, आमचा उंबरा न्हाई."

"म्हून सगळ्यांनी..."

"ठरवलं कुनीच न्हाई. रांगेत उभं केलंत तुमी. मग रांग एकाच बाजूला चालती, काका."

तो परत निंबाखाली रांगेत गेला. मी कमरेची सुपारी चाचपली. उगीच.

राधाकिशननं आता वादी गळ्यात घातली. आबांच्या पाया पडला, बुवांच्या पाया पडला. मग मंडपाच्या मधोमध उभा राहून पहारे पुकारायला लागला. माझी यादी माझ्या बंडीत घडी घालून होती. तिच्यात माझं नाव पहाऱ्यात नव्हतंच. वीणेकऱ्याला पहारा नसतो. मी मंडपाच्या कडेला टाळ उचलायला वाकलो. केशरबाई बायकांतून बघत होती. तिनं या वेळी टोमणा मारला नाही, हे जास्त लागलं.

"पहिला पहारा," राधाकिशनचा आवाज परेडवरचा, "सवार आश्रुबा!"

कुणीतरी खुदकन हसलं. टोमणाच होता तो, नक्की; मीच तर सगळ्यांपुढं सिद्ध करून दिलं होतं. पण निंबाखालचे सहा जण हसले नाहीत. ते समोर बघत उभे होते, हजेरीला उभं राहतात तसे.

रिसाल्यात नाव पुकारलं की उत्तर लगेच द्यायचं असतं. नऊ वर्षांत मला त्या नावानं कुणी पुकारलं नव्हतं. मी टाचा जुळवायला गेलो. गुडघा वळेना, एक टाच मागंच राहिली.

"हाजीर," मी म्हणालो.

त्यानं वीणा काढून माझ्या गळ्यात घातली. वादी ओढून बघितली, खोगिराचा तंग बघतात तशी, दोन बोटं आत घालून. आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "ताठ, बे."

मी झालो ताठ, जेवढा होता आलं तेवढा. बुवा पाटावरून उठले. मृदंगावर थाप पडली, टाळ लागले, विठ्ठल विठ्ठल सुरू झालं, आणि बुवांनी अभंगाचं पहिलं चरण उचललं ते असं वरच्या सुरात, की माझ्या छातीतलं सगळं एकदम हललं. बुवांच्या उजव्या हाताला, वीणेकऱ्याच्या जागी, मी उभा होतो, दोन तासांपुरता का होईना. समोर पहिल्या ओळीत राधाकिशन मांडी घालून बसला होता. मी बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं.

त्याच्या डोळ्यांत माझ्याआधी पाणी आलं होतं.